जागल एकट्याची नसते

तूर फुलोऱ्यावर आली आणि हरभऱ्याला घाटे धरू लागले की यवतमाळ जिल्ह्यात रात्रीचा दिवस सुरू होतो. जेवण उरकून कास्तकार बॅटरी, काठी आणि घोंगडं घेऊन वावराकडे निघतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभं पीक लोळवतो, रोही शेंडे खुडून जातात. म्हणून मचाणावर बसायचं, शेकोटी पेटती ठेवायची, मधूनमधून डबा बडवायचा आणि आरोळी द्यायची. धुऱ्यापलीकडून आरोळीला आरोळी आली की बरं वाटतं. याला जागल म्हणतात.

जागलीचा एक नियम आहे आणि ज्यानं ती केली आहे त्याला तो सांगावा लागत नाही. जागल पाळीनं करायची असते. एक जागतो तेव्हा दुसरा दोन घटका डोळा लावतो. सलग आठ-दहा रात्री एकट्यानं जागून काढल्या की माणूस बसल्या जागी दचकू लागतो. सावलीला डुक्कर समजून धावतो, दिवसा लेकरांवर खेकसतो, आणि ज्या रात्री कळप खरोखर येतो त्या रात्री नेमका तो मेल्यासारखा झोपलेला असतो. त्याला आळशी म्हणणारा माणूस जागलीला कधी गेलेला नसतो. पाळी बदलायला कोणी आलं नाही, एवढंच तिथं घडलेलं असतं.

गेली चाळीस वर्षं हा जिल्हा अशी एकट्याची जागल करतो आहे. त्याच्या थकव्याबद्दल मला एकच गोष्ट मांडायची आहे. जिथं संकट संपतच नाही, तिथं ‘हेही दिवस जातील, धीर धर’ हा सल्ला कोरडा पडतो. संकट चालू असतानाच माणसाला विसावा मिळाला पाहिजे, आणि त्याच्या जागी दुसरं कोणी जागं राहिलं तरच तो मिळतो. थकव्यावर उतारा माणसाच्या आतल्या बळात शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे. तो पाळीच्या व्यवस्थेत शोधला पाहिजे.

या जगण्याला युद्ध म्हणावं का? हा शब्द मी जपून वापरतो. युक्रेनमध्ये, गाझामध्ये माणसांच्या डोक्यावर बॉम्ब पडतात. इथं तसं काही पडत नाही, आणि दुसऱ्याच्या रक्ताचा शब्द उसना घेऊन आपलं दुःख मोठं करू नये. पण युद्धात जगणाऱ्यांनी थकव्याबद्दल जे सांगितलं आहे ते आमच्या कामाचं आहे. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या यातनांना १९८० साली मानसोपचाराच्या अधिकृत सूचीत नाव मिळालं. आपण त्याला मराठीत आघातोत्तर तणाव म्हणतो. या नावातच एक गृहीत आहे. आघात होऊन गेला, आता त्यानंतरचा काळ चालू आहे. सैनिक घरी पोचला आहे, रणांगण मागं राहिलं आहे, फक्त त्याच्या शरीराला ते अजून पटलेलं नाही. ते पटवून देणं म्हणजे उपचार.

पॅलेस्टिनी मानसोपचारतज्ज्ञ समाह जब्र यांनी नेमक्या याच गृहीतावर बोट ठेवलं. आमच्या लोकांच्या बाबतीत आघातानंतरचा असा काळ आलेलाच नाही, आघात चालू आहे, असं त्या सांगत आल्या. हे वाचलं तेव्हा मला यवतमाळ दिसलं. इथल्या कास्तकाराला रात्री झोप येत नाही, आभाळ दाटलं की छातीत धडधडतं, अनोळखी नंबरवरून फोन आला की हात थरथरतो. त्याच्या मेंदूत बिघाड झाला आहे म्हणून हे होतं असं मी मानत नाही. तो परिस्थिती बरोबर वाचतो आहे. पाऊस खरंच दगा देतो आणि तो फोन पुष्कळदा खरंच वसुलीचा असतो. ‘आघातोत्तर’मधल्या ‘उत्तर’ला मराठीत दोन अर्थ आहेत, नंतरचा काळ आणि प्रश्नाचं समाधान. या जिल्ह्याच्या वाट्याला दोन्ही आलेले नाहीत.

घटनांची नोंद तर लांबलचक आहे. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार लेकरांसह पवनारजवळ जीवन संपवलं. महाराष्ट्रात जाहीर चर्चा झालेली शेतकरी आत्महत्येची ही पहिली घटना मानली जाते. पुढं २००१ पासून महसूल खातं अशा मृत्यूंची जिल्हावार नोंद ठेवू लागलं आणि त्या यादीत यवतमाळ पुनःपुन्हा वरच्या रांगेत राहिला. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ साली राहुल गांधी मारेगाव तालुक्यातल्या जळक्यात येऊन गेले, २०१४ साली नरेंद्र मोदी आर्णी तालुक्यातल्या दाभडीत. २०१७ च्या पावसाळ्यात फवारणी करताना विषबाधा होऊन या एका जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापसाची बोंडं आतून पोखरली. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात तेव्हा टी-१ वाघिणीची दहशत होती. सुमारे दोन वर्षांत तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर लागले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली गेली, तोवर कापूस वेचायला जाणाऱ्या बायका घोळक्यानं जात आणि दिवस मावळायच्या आत परतत.

या सगळ्या बातम्या झाल्या. माणूस मात्र बातम्यांच्या मधल्या दिवसांत जास्त झिजतो. मृगाच्या तोंडावर बियाणं-खताची जुळवाजुळव, त्यासाठी सोसायटीच्या कर्जाचं नवं-जुनं, उरलेली उधारी कृषी केंद्रावर. पेरलं की पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणीचा पैसा उभा करावा लागतो. पऱ्हाटी हाताशी आली की परतीचा पाऊस बोंडं काळी करतो. वेचणीला मजूर मिळत नाहीत. कापूस घेऊन खरेदीच्या रांगेत उभं राहावं तर ओलावा जास्त म्हणून भाव कापला जातो. विहिरीला पाणी असलं तर पंपाची वीज बऱ्याचदा रात्री येते, म्हणजे ओलितासाठी पुन्हा जागरण. मध्येच पंचनामा, विम्याचा अर्ज, मुलीची फी, सासऱ्याचं दुखणं. यातलं एकेक संकट माणूस पेलतो. पण दोन संकटांच्या मध्ये श्वास घ्यायला जी उसंत लागते तीच इथं गायब आहे. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९३ साली मांडलं की धोक्याच्या वेळी शरीर जी जादा ताकद उभी करतं तिची किंमत असते. धोका वारंवार आला, शरीराला पूर्वपदावर यायला वेळच मिळाला नाही, की ही किंमत साचत जाते आणि हृदय, झोप, स्मरणशक्ती यांच्याकडून वसूल होते. कर्जाच्या चक्रवाढ व्याजाशी परिचित असलेल्या जिल्ह्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

थकव्याचा परिणाम निर्णयांवरही होतो. ‘कास्तकाराला हिशोब कळत नाही, लग्नात पैसा उडवतो, सावकाराच्या दारात जातो’ हे बोल शहरात सहज ऐकू येतात. तमिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादकांवर झालेला एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याच शेतकऱ्यांची बुद्धिचाचणी एकदा तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसा आल्यावर घेतली गेली. माणूस तोच, मेंदू तोच, पण तंगीच्या दिवसांत त्याची कामगिरी ठळकपणे घसरलेली दिसली. चणचण डोक्यातली जागा व्यापते आणि उरलेल्या जागेत पुढचा विचार मावत नाही. चुकीचा निर्णय घेणाऱ्याला आपण शहाणपण शिकवायला जातो, तेव्हा आठ रात्री जागलेल्या माणसाला झोपेचं महत्त्व सांगत असतो.

बोलीत या अवस्थेला शब्द नाहीत असंही नाही. ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरा होते’, ‘डोक्यात इचार चालूच रायते’. आफ्रिकेतल्या झिम्बाब्वेत शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे. त्याचा अर्थ अति विचार करणं. वऱ्हाडी बाईनं आणि हरारेच्या बाईनं एकाच दुखण्याला एकच नाव दिलं, कारण दुखणं खरोखर तसंच असतं. विचार गोल फिरत राहतात, वाट सापडत नाही. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली वस्तीतल्या आज्यांना शिकवून तयार केलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसवलं. आजी ऐकते, आणि त्यातला कोणता एक प्रश्न आधी हातात घ्यायचा ते बोलता बोलता दोघी ठरवतात. या ‘मैत्रीच्या बाका’चा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की सहा महिन्यांनंतर बाकावर आलेल्यांचं औदासीन्य नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी होतं. शब्द त्या बायांकडे आधीपासून होते. ऐकणारं माणूस बाकावर आलं तेव्हा त्यांचा उपयोग झाला.

आता वादाकडे येतो. यवतमाळच्या दुःखाबद्दल बोलणाऱ्यांचे दोन गट आहेत. पहिला म्हणतो, समुपदेशन ही धूळफेक आहे. कापसाला भाव द्या, कर्जाचा फास सोडवा, ओलिताची सोय करा, मन आपोआप ताळ्यावर येईल. या म्हणण्यात खोल न्याय आहे. धोरणाचा अपराध माणसाच्या मनोविकाराच्या खात्यावर टाकण्याची युक्ती जुनी आहे आणि तिच्याबद्दल संताप यायलाच हवा. दुसरा गट म्हणतो, त्याच गावात, तेवढीच जमीन, तेवढंच कर्ज असलेली शंभर माणसं तग धरतात, एकच कोसळतो. म्हणजे प्रश्न खचलेल्या मनाचा आहे, त्यावर उपचार करा.

पहिल्या गटाला मला विचारायचं आहे, भाव मिळेपर्यंतच्या रात्रींचं काय? धोरण बदलायला दशकं लागतात आणि या शनिवारी बँकेची नोटीस आलेल्या माणसाला दशकं नाहीत. न्यायाच्या लढाईसाठी आधी माणूस जिवंत लागतो. दुसऱ्या गटाला मला सांगायचं आहे की तग धरणारी शंभर माणसंही आतून झिजत असतात. त्यांची झीज मोजायला कोणी येत नाही, कारण आपण मृत्यूच मोजतो. दोन्ही गट एका गोष्टीवर नकळत सहमत आहेत. दोघांनाही वाटतं की संकट आणि विसावा एकाच वेळी नांदू शकत नाहीत. जागल मला उलट शिकवते. डुकरं रानात असतानाच पाळीचा माणूस झोपतो. रान निर्धोक होण्याची वाट पाहिली तर कोणी कधीच झोपणार नाही.

याला शेजारच्या जिल्ह्यातला पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. विदर्भातला ताण आणि आरोग्य हा त्याचा विषय, आणि नावही किती नेमकं. गावातल्याच साध्या कार्यकर्त्यांना ऐकण्याचं, धीर देण्याचं, गरज पडली तर डॉक्टरपर्यंत पोचवण्याचं शिक्षण दिलं गेलं. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्यानं ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. त्या गावांतला कापसाचा भाव कुणी वाढवला नव्हता, बँकांचे हप्ते थांबवले नव्हते. रान तसंच होतं, पण आरोळीला आरोळी येऊ लागली होती. श्रीलंकेनं वेगळी वाट धरली. शेतीतली सर्वांत जहाल विषं टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढून टाकली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. दुःख तिथंही संपलं नसेल. पण सगळ्यात काळोखी घटका टळली की सकाळ बघायला माणूस उरतो, आणि ती घटका टाळणं धोरणाला जमतं.

आपल्याकडे धोरण मृत्यूनंतर जागं होतं. २००५-०६ पासून आत्महत्याग्रस्त कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. वीस वर्षांत ही रक्कम तिथंच आहे. त्यासाठी मृत्यूचं कारण नापिकी, कर्जबाजारीपणा आणि कर्जफेडीचा तगादा यांत बसावं लागतं, कर्ज मान्यताप्राप्त बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. मग समिती प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरवते. सुतकातल्या घरात कागद मागितले जातात: सातबारा कोणाच्या नावावर, दाखला कुठाय, पिण्याचं व्यसन होतं का. आपल्या नवऱ्याचं मरण खरं होतं हे बाईला सिद्ध करावं लागतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले. आधी सुरक्षितता, मग घडलं त्याची आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत मिसळणं. आपली व्यवस्था या क्रमाची उलथापालथ करते. सुरक्षितता देण्याआधीच आठवण वदवून घेते, तीही फॉर्मवर, आणि शोकाला जागाच ठेवत नाही.

आणि जागल तर लगेच नवरा गेलेल्या त्या बाईच्या अंगावर येते. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ साली विदर्भ-मराठवाड्यातल्या अशा ५०५ स्त्रियांची पाहणी केली. नवरा जी जमीन कसत होता तिच्यावरचा हक्क त्यांपैकी ४० टक्के जणींना मिळालेला नव्हता. जमीन नावावर नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून पुन्हा उधारी. लेकरं, म्हातारी माणसं, वावर आणि सावकार, चारी धुरे तिनं एकटीनं सांभाळायचे. वर ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून हळदी-कुंकवातून बाहेर. मग वर्षा-दोन वर्षांनी कुणी पाहुणा येतो आणि तिला खंबीर म्हणतो, वाघीण म्हणतो, शाल-श्रीफळ देतो. मला या कौतुकाची भीती वाटते. ज्याला आपण वीर म्हणतो त्याला मदत द्यायची गरज आपल्याला वाटेनाशी होते. तिचा खंबीरपणा खरा आहे, पण तो तिनं निवडलेला नाही. तिला रडायला मोकळी दुपार हवी असेल, महिनाभर कुणी सकाळचा स्वयंपाक करून दिला तर हवा असेल, तिच्यासोबत तहसीलला येणारं माणूस हवं असेल. खंबीर म्हणून गौरवलेल्या बाईला हे मागणंही अवघड होऊन बसतं.

म्हणून जानेवारी २०१९ मधली यवतमाळची एक घटना मला पुन्हा आठवते. ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन शेतकरी आत्महत्येत नवरा गमावलेल्या, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. उद्घाटक म्हणून आधी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागं घेतलं गेलं होतं. तो प्रकार लाजिरवाणा होता आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. येडे तिथं काय बोलल्या यावर त्या मानानं कमी विचार झाला. अडीनडीला दूर दिल्लीतली बाई नव्हे, आपल्या गल्लीतलीच बाई धावून येते, अशा आशयाचं त्या बोलल्या. अनेकांना ते त्या वादातलं एक वाक्य वाटलं. मला त्यात आघातातून सावरण्याचं सगळं शास्त्र दिसतं. मंच, कॅमेरा आणि पाहुणे येतात आणि जातात, दाभडीतून गेले तसे आणि जळक्यातून गेले तसे. पाळीला येतं ते गल्लीतलं माणूस.

गल्लीतलं ते माणूस आज कोण आहे? सरकारी कागदावर ते आशा ताई आहे. राज्यानं चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. त्यात घरोघरी जाऊन झोप, भूक, मनाची अवस्था विचारायचं आणि धोक्यातलं माणूस हेरायचं काम आशांकडे आलं. कल्पना बरोबर आहे. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञापेक्षा ओळखीच्या बाईला घर लवकर उघडतं. पण तीच आशा गरोदर बायांची नोंद ठेवते, लसीकरण करवते, कुष्ठरोगाची पाहणी करते, आणि तिचं स्वतःचं घरही त्याच कोरडवाहू पाच एकरांवर उभं असतं. मानधनासाठी राज्यातल्या आशांना २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या सुरुवातीला संपावर जावं लागलं. दुसऱ्यांचं दुःख ऐकून घरी परतणाऱ्या बाईचं कोण ऐकतं, हा प्रश्न कुठल्याच परिपत्रकात नाही. जागल करणाऱ्याची जागल करणारं कुणी नसेल तर साखळी पहिल्याच कडीला तुटते. आशांना पुरेसं मानधन, महिन्यातून एकदा त्यांची त्यांनी बसायची, बोलायची बैठक आणि वर सल्ला द्यायला जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ, इतकं तरी हवं. रात्री-अपरात्री कुणालाही बोलता यावं म्हणून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. पण गावागावांतल्या पारावर, सोसायटीच्या भिंतीवर, कृषी केंद्राच्या दारावर तो ठळक लिहिलेला दिसला पाहिजे, कारण थकलेलं डोकं क्रमांक शोधत बसत नाही.

गाव म्हणजे मायेचा सागर, असं चित्र मला रंगवायचं नाही. सावकारही त्याच गावचा असतो, जातीची भिंतही त्याच गल्लीत असते, नोटीस आल्याची कुजबुजही तिथंच फिरते. कर्जाची लाज माणसाला घरात कोंडते ती गावाच्याच नजरेमुळे. म्हणून पाळीची व्यवस्था आपोआप उगवेल असं मानू नये, ती पेरावी लागते. तिच्यासाठी जमीन मात्र आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळांची सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या कितीतरी गावांत अजून चालते. तिथं माणसं एकत्र बसतात. प्रार्थनेनंतर ‘आज कोण आलं नाही’ हा प्रश्न विचारायचा एवढीच भर घालायची आहे. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यासोबत झोपेचीही विचारपूस होऊ शकते. शेतीकामात एकमेकांना हात देण्याची सावड आपल्याला ठाऊक आहेच. नवरा गेलेल्या बाईच्या वावरात पहिल्या वर्षी पेरणीची आणि वेचणीची सावड गावानं करावी, असा ठराव ग्रामसभेनं का करू नये? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ साली विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि एका गावाचा ठराव राज्याला दिशा देऊ शकतो हे दाखवलं.

शोकालाही सार्वजनिक जागा लागते. २०१७ पासून दर १९ मार्चला, करपे कुटुंबाच्या स्मृतिदिनी, किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेनं अनेक जण दिवसभर अन्नत्याग करतात. त्या आंदोलनाच्या सगळ्या मागण्यांशी कुणी सहमत असो वा नसो, मला त्या दिवसाचं मोल वेगळं वाटतं. त्या दिवशी पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेला शेतकऱ्याचा मुलगा उपाशी राहून सांगतो की जे झालं ते झालं होतं, त्याची आठवण कुणा एका घराची खासगी लाज नाही. हर्मन यांचा दुसरा टप्पा, आठवण आणि शोक, एवढ्यासाठीच माणसांत पार पाडायचा असतो. एकट्यानं केलेला शोक विचारांच्या त्याच गोल फेऱ्यात अडकतो.

शेवटी कुंपणाबद्दल, कारण ते विसरलं तर हे सगळं लिहिणं लबाडीचं होईल. जागल लागते कारण वावराला कुंपण नाही. कापसाला परवडणारा भाव, वेळेवर चुकारा, पंचनाम्याशिवाय खात्यात येणारा विमा, दिवसा वीज, बाईच्या नावावर सातबारा, जहाल विषांवर बंदी, तालुक्याच्या दवाखान्यात मानसोपचाराची औषधं हे कुंपण आहे, आणि ते बांधणं शासनाचं काम आहे. शेजाऱ्यानं पाळी घेतली म्हणून कुंपणाची मागणी सोडायची नाही. उलट नीट झोपलेला माणूसच मोर्च्याला येतो, ग्रामसभेत प्रश्न विचारतो, चुकीचा अर्ज परत करतो. दमलेल्या माणसाकडून कोणतीही लढाई लढली जात नाही. त्याला विसावा देणं हा लढाईचाच भाग आहे.

कुंपण व्हायला वेळ लागेल. पाळी आज रात्री सुरू होऊ शकते. पलीकडच्या धुऱ्यावरून बऱ्याच दिवसांत आरोळी आली नसेल, तर आपण उठून तिकडे जावं. उपदेशाचं काही बोलू नये. शेकोटीत काटकी सरकवावी, त्याच्या हातातली बॅटरी आपल्या हातात घ्यावी आणि म्हणावं, ‘तू पड घटकाभर, मी हाओ जागा.’